पांढऱ्याची झाक : घरासाठी ऑफ-व्हाइट रंग निवडताना

सन २०१९ च्या रमजान महिन्यातली गोष्ट आहे. ईद आठ-नऊ दिवसांवर आली होती आणि मी एका रंगाऱ्याची तीन दिवसांची मजुरी अडवून धरली. कारण एवढेच की, मी सांगितलेला रंग साईसारखा पांढरा होता आणि बैठकीच्या खोलीच्या भिंती मला गुलाबी दिसत होत्या. मी त्याला स्पष्ट म्हणालो, "तू डबा बदललास, नाहीतर रंगात काहीतरी मिसळलेस." तो बिचारा काही न बोलता निघून गेला.

दोष त्याचा नव्हता. डब्याचाही नव्हता. दोष माझ्या निवडीचा होता. पंचवीस वर्षे कापडाचा व्यापार करणाऱ्या माणसाने जी चूक करू नये, तीच मी केली होती. त्या प्रकरणाचा शेवट काय झाला ते लेखाच्या अखेरीस सांगतो. आपल्या समाजात रंगकाम करणारे, कापड विकणारे, शिलाई व फर्निचरचे काम करणारे बंधू मोठ्या संख्येने आहेत आणि घर तर प्रत्येकाचेच आहे. म्हणून या चुकीतून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडत आहे.

सारखे दिसतात, पण सारखे नसतात

रंगाच्या दुकानातील शेडकार्डात पांढऱ्याच्या जवळपासच्या कितीतरी छटा असतात. मोती, साय, लोणी, हस्तिदंत, चंदन अशी त्यांची नावे. पहिली गोष्ट लक्षात ठेवा की, नावावर जाऊ नये. एका कंपनीची 'साय' पिवळी असेल तर दुसरीची गुलाबी. आम्ही उर्दूत शिकलेली माणसे काफुरी, मोतिया, दुधिया, बादामी, संदली अशी नावे लहानपणापासून ऐकत आलो. पण दोन माणसांना 'मोतिया' दाखवायला सांगा, दोघे दोन वेगळे तुकडे काढतील. नाव हे बोलण्यापुरते असते, सौदा मात्र नंबरावर आणि नमुन्यावर करावा.

आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांचा पाया टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी आहे. त्यात अगदी थोडा स्टेनर पडला की ऑफ-व्हाइट तयार होतो. पिवळा ऑक्साइड पडला तर साय किंवा लोण्यासारखा रंग येतो. लाल ऑक्साइडचे थेंब जास्त झाले तर गुलाबी झाक येते. काळा पडला तर राखी झाक येते. पिवळ्याबरोबर काळा पडला तर रंग हिरवटाकडे झुकतो. म्हणजे ऑफ-व्हाइटची मुख्य घराणी चारच आहेत : पिवळ्या झाकेचा, गुलाबी झाकेचा, हिरवट झाकेचा आणि राखी-निळसर झाकेचा.

ही झाक एकट्या तुकड्यात दिसत नाही. लहानशा चौकोनात सगळे 'पांढरेच' वाटतात. झाक ओळखण्याच्या सोप्या रीती अशा :

१. दोन-तीन छटा एकमेकींना चिकटवून ठेवा. मध्ये कार्डाची पांढरी कड राहू देऊ नका. शेजारी शेजारी ठेवताच एक पिवळी आणि दुसरी गुलाबी आहे हे लगेच कळते.

२. शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरील सर्वांत गडद छटा पाहा. पुष्कळ कार्डांत एका पट्टीवर एकाच घराण्याचे रंग फिक्याकडून गडदाकडे लावलेले असतात. शेवटचा चौकोन विटकरी दिसला तर वरच्या फिक्या रंगातही ती लाली आहे असे समजावे. शेवटचा शेवाळी असेल तर वरचा हिरवट आहे.

३. रंगाकडे फार वेळ टक लावून पाहू नका. डोळा थोड्याच वेळात त्या झाकेला सरावतो आणि मग ती दिसेनाशी होते. पहिल्या दोन-चार क्षणांत जे दिसते ते खरे मानून नजर दुसरीकडे न्या, मग पुन्हा पाहा.

आणखी एक गोष्ट आमच्या वयाच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. म्हणून पांढऱ्यातला बारीक फरक ओळखताना घरातील तरुण मुला-मुलींना जरूर विचारावे.

कापडाच्या बाजारातला धडा

आमच्या मालेगावात यंत्रमागावरून उतरलेले ग्रे कापड बघितलेल्या माणसाला पांढरा रंग म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कच्चे सुती कापड पिवळट-मटकट असते. ते पाली-बालोतऱ्याकडे प्रोसेसला जाते, तेथे मांड काढतात, ब्लीच होते आणि मग ते पांढरे होऊन बाजारात येते. पण ब्लीच केलेल्या कापडातही किंचित पिवळेपणा उरतोच. तो घालवण्याचे दोन मार्ग आहेत.

एक मार्ग निळीचा. पिवळ्यावर थोडी निळी झाक चढवली की पिवळेपणा मारला जातो आणि डोळ्याला कापड पांढरे भासते. खरे पाहता निळीने कापडाचा उजळपणा किंचित कमीच होतो. भिंतीच्या चुन्यात नीळ टाकण्याची आपली जुनी रीत याच कारणाने आहे.

दुसरा मार्ग टिनोपालसारख्या चमक आणणाऱ्या द्रव्याचा. ही द्रव्ये उन्हातील, डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि त्यांचा निळसर उजेड करून बाहेर टाकतात. म्हणून असा कुर्ता उन्हात झगझगतो. पण साध्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे तेच कापड रात्री दिव्याखाली पाहिले तर ती चमक गेलेली असते.

याचा घराच्या रंगाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ऑफ-व्हाइट भिंतीवर टिनोपालचा पांढराशुभ्र पडदा लावला की दिवसा खिडकीजवळ ती भिंत मळकी दिसू लागते. भिंत मळलेली नसते, पडदा तिला मळकी ठरवतो. पांढऱ्याफेक प्लॅस्टिकचे स्विचबोर्डही हेच करतात. भिंत सायीची असेल तर पडदाही कोऱ्या सुती कापडाच्या रंगाचा किंवा हस्तिदंती घ्यावा.

कापडवाल्यांच्या परिचयाची आणखी एक बाब आहे. दोन तुकडे एका दिव्यात अगदी एक दिसतात आणि दुसऱ्या दिव्यात वेगळे पडतात. इंग्रजीत याला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन्ही रंग वेगवेगळ्या द्रव्यांपासून बनवलेले असले की असे होते. म्हणून मोठ्या प्रोसेस हाऊसमध्ये आणि निर्यातदारांकडे रंग जुळवण्याची पेटी असते. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा डी-६५, पिवळ्या बल्बसारखा 'ए', दुकानातील ट्यूबसारखा टीएल-८४ आणि अतिनील असे दिवे एकामागून एक लावून कापड तपासतात. भिंतीचा रंग आणि सोफ्याचे कापड जुळवणाऱ्यानेही हेच करायला हवे. त्यासाठी पेटीची गरज नाही. उंबऱ्यावरचा दिवसाचा उजेड आणि घरातला रात्रीचा दिवा, एवढे दोन पुरेत.

उजेडाचा हिशोब

रंग भिंतीत असतो, पण दिसतो उजेडात. त्यामुळे उजेड बदलला की रंग बदलतो. दिव्यांच्या खोक्यावर केल्व्हिन या मापात आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळा उजेड, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडील दुकानांत बहुधा ६५०० चे दिवे असतात. त्या उजेडात पिवळी व गुलाबी झाक दबून जाते. हौसेने घरात पिवळे दिवे लावले की तीच झाक उसळून वर येते.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय असाही आकडा असतो. रंग किती खरा दिसेल त्याचे हे माप असून कमाल १०० असते. साधे दिवे ८० च्या आसपास असतात. कापडाच्या व रंगाच्या दुकानदारांनी निदान एका टेबलावर ९० च्या वरचा दिवा लावावा. गिऱ्हाइकाच्या तक्रारी कमी होतील.

आता खिडक्यांचा विचार करू. उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक दिवस थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. (महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने जून महिन्यात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे झुकतो, एवढा अपवाद.) अशा खोलीत राखी झाकेचा पांढरा उदास दिसतो, तेथे पिवळ्या झाकेचा घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी तांबूस ऊन येते, तेथे गुलाबी किंवा गडद पिवळी झाक टाळावी, किंचित राखी झाक बरी. पूर्वेची खोली सकाळी पिवळी आणि दुपारनंतर निळसर असते, तेथे कोणतीही टोकाची झाक घेऊ नये. अरुंद गल्लीतल्या घरात तर समोरच्या घराची भिंतच उजेड देते. ती हिरवी असेल तर आपली खोलीही हिरवट होणार. खिडकीबाहेर कडुनिंब असेल तरी तेच.

खोली अंधारी असेल तर रंगाचा एलआरव्ही हा आकडा विचारा. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड परत येतो, ते तो सांगतो. शुद्ध काळ्याला ० आणि पूर्ण पांढऱ्याला १००. चांगला पांढरा रंग साधारण ८५ च्या वर असतो, ऑफ-व्हाइट बहुतेक ७० ते ८५ च्या दरम्यान. अंधाऱ्या खोलीत ८० च्या वरचा घ्यावा. पण एक गोष्ट समजून घ्या. मुळात खोलीत उजेडच येत नसेल तर भिंत कितीही पांढरी केली तरी ती राखीच दिसते. रंग उजेड परत देतो, निर्माण करत नाही.

शेजाऱ्याचा परिणाम

रंग त्याच्या शेजाऱ्यामुळे बदललेला दिसतो, हे आपल्या पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. सन ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने काहिरात 'किताब अल-मनाजिर' हा दृष्टिशास्त्रावरील ग्रंथ लिहिला. रंगाचा एकच ठिपका पांढऱ्या पृष्ठभागावर गडद आणि काळ्या पृष्ठभागावर फिका दिसतो, हे त्याने त्यात नोंदवले आहे. पुढे त्याच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपने त्यातून धडे घेतले.

फ्रान्समधील शेव्हरूल या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट तर आपल्या धंद्यातलीच आहे. सन १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्याच्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या छायेत वापरलेले काळे सूत फिके पडते, अशी तेथे तक्रार होती. त्याने सूत तपासले, दुसरीकडच्या सुताशी ताडून पाहिले. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या रंगामुळे काळा फिका भासत होता. यावर त्याने सन १८३९ मध्ये मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. म्हणजे तक्रार खरी होती, पण रंगारी निर्दोष होता. हे वाक्य मला २०१९ मध्ये ठाऊक असायला हवे होते.

घरात भिंतीचे शेजारी कोण? सर्वांत मोठा शेजारी फरशी. ती बदलणे खर्चाचे, म्हणून आधी फरशी पाहावी आणि मग रंग. लाल कोबा किंवा विटकरी टाइल्स असतील तर खालून लाल उजेड भिंतीवर चढतो, तेथे गुलाबी झाकेचा ऑफ-व्हाइट चुकूनही घेऊ नये. कोटा फरशी हिरवट-राखी असते, तिच्याबरोबर हिरवट झाकेचा रंग आजारी दिसतो, पिवळ्या झाकेचा शोभतो. शहाबादी फरशी राखी असते, तिच्यावर पिवळा आणि राखी दोन्ही चालतात. सागवानी दारे-खिडक्यांजवळ सायीचा रंग खुलतो. छत पांढरेफेक ठेवले तर भिंतीची झाक जास्त उठून दिसते. झाक लपवायची असेल तर छतालाही भिंतीचाच रंग द्यावा.

नमुना कसा लावावा

दोन इंची कार्डावरून चार भिंतींचा निर्णय करणे म्हणजे चिंधी पाहून गाठ खरेदी करणे होय. चार भिंती समोरासमोर असतात आणि एकमेकींचा रंग एकमेकींवर टाकतात, म्हणून मोठ्या जागेत झाक वाढते. कार्डावर आवडलेल्यापेक्षा एक पायरी फिका रंग घेतलेला बहुधा बरा पडतो. नमुन्याची रीत अशी :

१. जवळपासच्या तीनच छटा निवडा. दहा घेतल्या तर घरात भांडण होते आणि निर्णय होत नाही.

२. प्रत्येकीचा नमुन्याचा छोटा डबा आणा. दोन फूट बाय दोन फूट जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर पांढरा प्रायमर लावून रंगाचे दोन हात द्या. जुन्या रंगाच्या भिंतीवर सरळ ठिगळ लावू नका. खालचा रंग वर येतो आणि शेजारचा जुना रंग फसवतो.

३. पूर्ण सुकू द्या. इमल्शन ओले असताना दुधाळ व फिके दिसते, सुकल्यावर बहुधा किंचित गडद होते. चुन्याचे उलट असते. तो ओला असताना खालची भिंत दिसते आणि सुकल्यावर पांढरा होतो. ओल्या रंगावरून रंगाऱ्याला बोलू नये.

४. पुठ्ठा खिडकीजवळ, खिडकीसमोर, कोपऱ्यात आणि फरशीजवळ उभा करून पाहा. आडवा टेबलावर ठेवून पाहू नका. भिंत उभी असते, नमुनाही उभाच पाहावा.

५. केव्हा पाहावे? अल्लाहने आपल्या दिवसाला पाच वेळा आखून दिल्या आहेत, त्यांचाच उपयोग करा. फजरनंतर सूर्य थोडा वर आल्यावर, जुहरला, असरला, मगरिबनंतर दिवा लावल्यावर आणि इशानंतर. नमाजहून परतताना एक नजर टाकायची. ज्या खोलीत पाहुणे रात्री बसतात तिचा निर्णय रात्रीच्या दिव्यात करावा, मुले दिवसा अभ्यास करतात तिचा दिवसा.

६. मोबाइलच्या फोटोवरून निर्णय करू नका. मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे पांढरा रंग आपोआप 'दुरुस्त' करतो, म्हणजे जी झाक पाहायची तीच पुसून टाकतो. हा नियम व्हॉट्सअॅपवर कापडाचा रंग पाठवून सौदा करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही लागू आहे.

हल्ली काही मोठ्या रंगविक्रेत्यांकडे नमुना मोजण्याचे यंत्र असते. ते एल, ए आणि बी असे तीन आकडे देते. सन १९७६ पासून जगभर ही पद्धत चालते. एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे लाल-हिरवा झुकाव, बी म्हणजे पिवळा-निळा झुकाव. दोन ऑफ-व्हाइटमध्ये एल जवळजवळ सारखा असतो, भांडण ए आणि बी चे असते. यंत्र झाक मोजते, परंतु आपल्या खोलीचा उजेड ते जाणत नाही. म्हणून यंत्रानंतरही पुठ्ठा घरी आणावाच लागतो.

चमक आणि खरेदी

एकच नंबर मॅट, साटीन आणि ग्लॉस अशा तीन प्रकारांत घेतला तर भिंत तीन प्रकारची दिसते. चमकदार रंग उजेड आरशासारखा फेकतो, भिंतीचे चढउतार उघडे पाडतो. मॅट रंग खोट झाकतो, पण त्यावरचे हाताचे डाग सहज निघत नाहीत. नमुना ज्या चमकीचा पाहिला त्याच चमकीचा डबा घ्यावा. ऑइल पेंटच्या पांढऱ्याबाबत सावध राहावे. तो काही काळाने पिवळा पडतो आणि अंधाऱ्या जागी लवकर पडतो. कपाटाच्या आतला पांढरा ऑइल पेंट पाहिला की याची खात्री पटते.

आता हिशोब. समजा खोली १२ बाय १० फूट आहे आणि उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडक्यांचे ६० वजा केले तर राहिले ३८०. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला १२० चौरस फूट लिहिले असेल तर सव्वातीन लिटरच्या आत रंग लागेल. चार लिटरचा एक डबा घ्यावा, उरलेला पुढच्या डागडुजीला कामी येतो.

एका डब्याने भागत नसेल तर सगळे डबे एकदम, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तयार करून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र करूनच लावायला सुरुवात करा. कापडात लॉट बदलला की फरक पडतो, तसाच रंगातही पडतो. ऑफ-व्हाइटमध्ये स्टेनर इतका थोडा असतो की एक-दोन थेंबांचा फरकही भिंतीच्या मध्यावर रेघ दाखवतो. काम संपल्यावर डब्याच्या झाकणावरचा नंबर, चमकीचा प्रकार आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

व्यवहार साफ असावा

रंगाच्या तंट्यात पैसे बहुधा थोडे असतात, पण मने मोठी दुखावतात. म्हणून आधीच लिहून घ्यावे : कोणत्या कंपनीचा, कोणता नंबर, कोणती चमक, किती हात, रंग कोण आणणार. रंगाऱ्याने नमुन्याच्या पुठ्ठ्यावर मालकाची सही घ्यावी. हा अविश्वास नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश तर कुरआननेच दिला आहे, आपण तीच सवय येथेही लावावी.

हनफी फिक्हमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. मालात आधीपासून दोष असेल तर खियार-ए-ऐब आहे. परंतु नमुना पाहून, नंबर सांगून रंग तयार करून घेतला आणि तोच नंबर मिळाला, तर घरच्या दिव्यात तो आवडला नाही हा मालाचा ऐब कसा होईल? एखादे प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे.

विक्रेत्यांवरही जबाबदारी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. आपल्या दुकानातील दिवा मालाची झाक लपवतो हे आपल्याला माहीत असेल आणि गिऱ्हाइकाला नसेल, तर ते सांगणे आपले काम आहे. "एकदा बाहेर उजेडात नेऊन पाहा," एवढे वाक्य पुरे. एखादा सौदा हातचा जाईल, पण गिऱ्हाईक जाणार नाही.

शेवट

आता माझ्या भिंतीची गोष्ट पुरी करतो. मी रंग निवडला होता तरावीहनंतर, रात्री दहाच्या सुमारास, दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली. दोन छटा मला एकच वाटल्या, म्हणून हाताला आली तिचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. तिची झाक गुलाबी होती. माझ्या खोलीत फरशी विटकरी आणि दिवे पिवळे. व्हायचे तेच झाले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर तो रंगारी परत आला. त्याच्या हातात डब्याचे झाकण आणि रंगाचे दोन हात दिलेला एक पुठ्ठा होता. म्हणाला, "चाचा, झाकणावरचा नंबर पाहा आणि तुमची चिठ्ठी पाहा. आणि हा पुठ्ठा जरा अंगणात घेऊन चला." नंबर तोच होता. अंगणात, सावलीतल्या उजेडात, पुठ्ठ्याचा आणि शेडकार्डाचा रंग तंतोतंत एक होता. तोच पुठ्ठा खोलीत नेला तर गुलाबी. कापडाचा ताग घेऊन उंबऱ्यावर येण्याची माझी पंचवीस वर्षांची सवय, आणि ती मला एका मुलाने शिकवली.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचा मोबदला द्यावा ही शिकवण मी किती वेळा ऐकली होती. आणि मी ईदच्या तोंडावर एका रोजेदाराचे पैसे एका संशयावर धरून ठेवले होते. त्याच वेळी त्याची मजुरी दिली आणि माफी मागितली. ईदनंतर त्यालाच बोलावले, तीन पुठ्ठे करून घेतले, दोन दिवस पाचही वेळा पाहिले आणि पिवळ्या झाकेचा एक फिका रंग ठरला. दुसऱ्या वेळचा रंग आणि मजुरी दोन्ही माझ्या खिशातून गेले, आणि ते योग्यच होते.

ती भिंत आजही तशीच आहे. बंधूंनो, रंग चुकला तर पुन्हा लावता येतो. कारागिरावर घेतलेला आळ मात्र रंगाच्या हाताने झाकला जात नाही. म्हणून डबा उघडण्याआधी उजेडात पाहा आणि दोष देण्याआधी तर दोनदा पाहा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपले व्यवहार साफ ठेवो. आमीन.